कोणता पडदा, ते विचारायचं राहिलं

नगरजवळ केडगावला, पुणे रोडवरून थोडं आत, माझं पार्लर आहे. एक खुर्ची, एक बाकडं, भिंतभर आरसा. वीसेक वर्षं मी बायकांच्या भुवया कोरते आहे. दोऱ्याचं एक टोक दातात, बाकीचा दोरा दोन्ही हातांच्या बोटांत, आणि त्याच्या पिळात एकेक केस पकडून उपटायचा. बघणाऱ्याला हे हाताचं काम वाटतं, पण ते आहे डोळ्यांचं. एक केस जास्त गेला की भुवईत खाच पडते, आणि ती बाई ती खाच घेऊन महिनाभर माझी जाहिरात करत गावात फिरते.

म्हणून डोळ्याला काही झालं तर माझं काय, हा प्रश्न मला इतरांपेक्षा जरा लवकरच पडतो. गेल्या वर्षी तो खरोखरच पडला. मला वाटलं माझा डोळा गेला, आणि ते मी घरात कुणालाही सांगितलं नाही. त्या दिवसांबद्दल लिहिते आहे. कुणाला उपयोग झाला तर बरंच आहे.

दोष ट्यूबचा

सुरुवातीला मला वाटलं, पार्लरमधली ट्यूबच मंद झाली. ती बदलली. मग वाटलं नवी ट्यूब बोगस निघाली. वायरमनला बोलावून झापलं. तो बिचारा म्हणाला, ताई, इतका उजेड तर ऑपरेशनलाही पुरेल. नाचता येईना अंगण वाकडं, अशी माझी गत होती, फक्त ते मला कळत नव्हतं.

कळलं नगरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजव्यात जास्त. मी म्हणाले, मोतीबिंदू म्हाताऱ्यांना होतो, मी पंचावन्नचीही नाही. त्यांनी माझ्या कागदावर बघत विचारलं, साखर आहे ना? साखर होती. एवढंच बोलणं झालं. बाहेर येऊन मी यांच्या मागे स्कूटरवर बसले आणि घर येईपर्यंत यांच्या शर्टाच्या कॉलरकडे बघत राहिले. कॉलर पिवळट दिसत होती. मला वाटलं, धुणं नीट निघत नाही.

शेजारच्या शेवंतामावशींना सांगितलं तर त्या म्हणाल्या, पिकू दे आधी. कच्चा काढू नये. मावशी मूळच्या पाथर्डीकडच्या, जन्मभर बाजारात कांदा निवडायला जायच्या. पण आमच्या गल्लीत त्यांचा शब्द ऐकला जातो तो वेगळ्या कारणाने. त्यांचा डावा डोळा गेलेला आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, चांगलं दिसायला लागलं, आणि काही महिन्यांनी दिसायचं बंद झालं. ही गोष्ट त्या एकाच वाक्यात सांगतात: "मोतीबिंदू काडला आन पडदा गेला." आता उजव्यातही मोतीबिंदू आहे. दारात उभ्या माणसाला त्या आवाजावरून ओळखतात, पण त्या डोळ्याला हात लावू देत नाहीत.

उजवा डोळा, इकडं या

दवाखान्यात आम्हाला नावं नव्हती. ज्या डोळ्याचं ऑपरेशन त्याच्यावर कपाळाला चिकटपट्टीचा तुकडा लावलेला, आणि सिस्टर त्यावरूनच हाका मारायची. "उजवा डोळा, थेंब घालायचेत. डावा डोळा आजी, चष्मा काढा." बाकावर आम्ही रांगेने हिरव्या टोप्या घालून बसलो होतो. शेजारची बाई श्रीगोंद्याची होती, ती मला म्हणाली, जनावरांच्या बाजारात शिंगं रंगवून आणल्यासारखं वाटतंय. मी हसले. पण माझे हात गार पडले होते, आणि तिने ते आपल्या दोन्ही हातांत धरले. तिचेही गारच होते. आत नंबर येईपर्यंत आम्ही तशाच बसलो.

ऑपरेशन दुखलं नाही. घाबरणाऱ्या प्रत्येक माणसाला हे मी आधी सांगते. वरून मोठा उजेड, त्यात पाण्यातून बघावं तसे हलणारे रंग, आणि डॉक्टर सहकाऱ्याशी कुठल्या तरी लग्नातल्या जेवणाबद्दल बोलत होते. मला त्याचा राग आला नाही, उलट बरं वाटलं. माणूस जेवणाबद्दल बोलतोय म्हणजे माझ्या डोळ्यात भयंकर काही चाललेलं नसणार.

घरी आल्यावर थेंब घालायचं काम यांनी अंगावर घेतलं. यांची एमआयडीसीतली नोकरी संपून वर्ष झालं होतं. कधी स्वतःचा चहा केला नाही असा माणूस, पण मोबाईलवर गजर लावून, साबणाने हात धुऊन, "वर बघ" म्हणत उभा राहायचा. पहिल्या दिवशी निम्मं औषध नाकावर गेलं. मी म्हणाले, नाकाचा मोतीबिंदू आधी बरा होणार. पण आठवड्यात यांचा हात असा बसला की सिस्टरही लाजेल.

दोन डोळे, दोन रंग

पट्टी निघाली आणि पांढरा रंग पांढरा दिसला. यांची कॉलर स्वच्छ होती. धुणं नीटच निघत होतं.

आता गंमत अशी की उजव्या डोळ्याने सगळं जरा निळसर, आणि डाव्याने सगळं हळदीच्या हातांनी पुसल्यासारखं. नवरीच्या मेकअपला शेड निवडायची तर कुठल्या डोळ्यावर विश्वास ठेवायचा? एका नवरीला मी इतकं गोरं करून ठेवलं की तिची आई म्हणाली, ताई, मुलगी आमचीच आहे ना? तेव्हापासून शेड निवडायचं काम सुनेकडे, अश्विनीकडे गेलं. ती लग्न होऊन आल्यापासून माझ्याबरोबर पार्लर बघते. मी ते हसतहसत दिलं.

आणखी एक त्रास होता. उजव्या डोळ्याच्या कडेला काळी कोर दिसायची, कुणीतरी बाजूला उभं असल्यासारखी. मी सारखी वळून बघायचे. दिव्यांना किरणं फुटायची. नवरात्रात लोक नगरहून पायी केडगावच्या देवीला येतात तेव्हा रस्ताभर दिव्यांच्या माळा असतात. मी दारात उभी राहिले आणि घाबरून आत आले, इतकी ती किरणं एकमेकांत घुसत होती. डॉक्टर म्हणाले, सवय होईल. तसं म्हटलं की माझा फार संताप होतो, पण खरं सांगायचं तर सवय झाली. काळी कोर कधी गेली ते कळलंही नाही.

धुकं

मग उन्हाळ्याच्या तोंडाला उजव्या डोळ्यापुढे धुकं यायला लागलं.

आधी मला वाटलं चष्म्याला तेल लागलं असेल. पदराने पुसला. मग आरसा पुसला. मग एका दुपारी डावा डोळा मिटून समोरच्या भिंतीवरची ब्लाउजच्या दुकानाची पाटी वाचायला गेले, आणि ती वाचता आली नाही. काही महिन्यांपूर्वी त्याच डोळ्याने ती पाटी मी सगळ्यांना वाचून दाखवली होती, लहान पोरीसारखी. चांगलं दिसायला लागलं आणि काही महिन्यांनी बंद झालं, हे मी कुठे ऐकलं होतं ते आठवायची गरज नव्हती.

दवाखान्यात गेलो तेव्हा गाडी लावायला जागा नव्हती. हे खाली थांबले, मी एकटी वर गेले. आत गर्दी इतकी, की माझी हनुवटी मशीनवर असतानाच पुढचा पेशंट शेजारच्या खुर्चीत येऊन बसला. डॉक्टरांनी पाहिलं आणि म्हणाले, "मागच्या पडद्यावर जाळी आलीय. लेझर करावं लागेल. पुढच्या आठवड्यात या." मग ते पुढच्या पेशंटकडे वळले.

पडदा, एवढंच मनात बसलं. त्यानंतर माझ्या कानांनी काम करणं थांबवलं. जिना उतरताना कठडा घट्ट धरून उतरले. खाली यांनी विचारलं, काय म्हणाले? मी म्हणाले, कोरडा पडलाय डोळा, थेंब सांगितलेत.

का खोटं बोलले? आज विचारलं तर उत्तर एवढंच, की तोंडातून निघालं असतं तर ते खरं झालं असतं. घरी येऊन मी मावशींकडे गेले आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, तुमचा पडदा गेला तेव्हा डॉक्टरांनी काय केलं होतं हो? त्या म्हणाल्या, "पैलं लेझर मारलं. मंग पुन्याला नेलं. लई केलं गं. न्हाई आलं." मग मी पुढच्या आठवड्यात गेलेच नाही.

ते दिवस

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते खोटं नाही. औषधाच्या दुकानातून मी डोळे ओले ठेवायचे साधे थेंब आणले आणि यांच्या हातात दिले. यांनी पुन्हा गजर लावला. पुन्हा साबणाने हात धुणं, पुन्हा "वर बघ". ज्या डोळ्यात उपयोग नाही असं मला वाटत होतं, त्यात हा माणूस इतक्या मनापासून औषध घालायचा, की मला थेंबाच्या निमित्ताने रडून घेता यायचं. पाणी गालावर आलं तर म्हणायचे, जास्त पडलं वाटतं.

मी तयारीला लागले होते. डोळे मिटून भाजी चिरून बघायचे. कुठली बरणी कुठे, ते हाताने पाठ करायचे. डाव्या डोळ्यातला मोतीबिंदूही वाढतच होता, त्यामुळे हिशोब सरळ होता. एक गेला, दुसऱ्याला हात लावायचा नाही, मग मावशींसारखं दारात बसून आवाज ओळखायचे.

पार्लरमध्ये मी सबबी सांगायचे. दोरा चांगला येत नाही हल्ली. मान धरलीय. आज गरम फार होतंय. एकेक गिऱ्हाईक अश्विनीकडे सरकवायचे आणि ती नीट करते की नाही म्हणून तिच्या डोक्यावर उभी राहायचे. दिसत तर नव्हतंच, पण बोलायला काय जातं? "डावी जरा वर घे." ती गुपचूप घ्यायची. एकदा मात्र गिऱ्हाईक गेल्यावर तिने दोरा ट्रेमध्ये टाकला आणि शांतपणे विचारलं, की तुम्हाला माझं काम पटत नसेल तर मी दुसरीकडे जाते, पण असं माणसांसमोर नको. मला तिला जवळ घ्यावंसं वाटलं. मी म्हणाले, बघ तुझं तू. इतकी मी वाईट वागत होते.

अश्विनीची भुवई

तिच्या भावाचा साखरपुडा कोपरगावला होता. आदल्या दिवशी पार्लर रिकामं असताना ती खुर्चीत येऊन बसली आणि म्हणाली, आई, माझ्या आयब्रो करता? तुमच्याच हातून पाहिजेत.

भांडण मिटवायला आली होती ती. दुसरीकडे कुठे पटापट करून घेणं तिला अवघड नव्हतं. नाही म्हणायला माझ्याकडे सबब उरली नव्हती. मी दोरा दातात धरला. तिने डोळे मिटून, दोन बोटांनी पापणी ताणून धरली. मला समोर एक गोरा धुरकट गोल दिसत होता आणि त्यात एक काळी रेघ. वीस वर्षांच्या सवयीवर मी हात चालवला. उजवी झाली. डावी करताना दोरा एकदा जास्त खेचला गेला, हे माझ्या दातांना कळलं.

तिने आरशात पाहिलं. मग म्हणाली, छान झाल्यात. आणि पेन्सिल शोधायला लागली.

मी म्हणाले, थांब. पुढे होऊन तिच्या डाव्या भुवईवरून बोट फिरवलं. मध्ये एक जागा गुळगुळीत लागली. डोळ्यांनी जे दाखवलं नाही ते बोटाने दाखवलं. मी बाकड्यावर बसले आणि म्हणाले, "माझा पडदा गेलाय, अश्विनी."

ती माझ्यासमोर खाली फरशीवर बसली. विचारलं, "कोण म्हणालं?"

"डॉक्टर."

"पडदा गेला, असं म्हणाले?"

"जाळी आलीय म्हणाले. लेझर करा म्हणाले. मावशींचं असंच झालं होतं."

"आई, जाळी आली आणि गेला, हे एकच कसं?"

इतका साधा प्रश्न त्या सगळ्या दिवसांत मला पडला नव्हता. ती कोपरगावला सकाळी निघणार होती. माहेरी फोन करून तिने सांगितलं, की दुपारपर्यंत पोचते, आईंना दवाखान्यात न्यायचंय. यांनाही तिनेच सांगितलं. मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकत होते.

उशी आणि अभ्रा

सकाळी तिघंही गेलो. अश्विनीच्या भुवईत पेन्सिल भरलेली होती. बाहुली मोठी करायचे थेंब घालून मला बसवलं, आणि तो वेळ माझ्या आयुष्यातला सगळ्यात लांब वेळ होता. सगळं पांढरं फटक, काहीही धड दिसत नाही, आणि मनात एकच वाक्य, तेही मावशींच्या आवाजात.

या वेळी अश्विनी आत माझ्या शेजारी उभी राहिली आणि तिनेच विचारलं, "डॉक्टर, कोणता पडदा?"

डॉक्टर थांबले. मग त्यांनी सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगते. डोळ्यात नवं भिंग बसवतात ते एका पातळ पिशवीत, अभ्र्यात उशी घालावी तसं. काही जणांच्या डोळ्यात त्या अभ्र्याचा मागचा कपडा पुढे धुरकट होतो. तो लेझरने मधोमध उघडून देतात, की झालं. डोळ्याच्या तळाशी असतो तो खरा पडदा, मावशींचा गेला तो, तो पूर्ण वेगळा. "आम्ही दोन्हीला पडदाच म्हणतो. सांगताना वेगळं करून सांगायला हवं होतं," असं ते म्हणाले. मला साखर आहे म्हणून त्यांनी तळाचा पडदाही नीट तपासला. तो जागेवर होता.

लेझर म्हणजे पुन्हा हनुवटी मशीनवर, एक लाल ठिपका, आणि टक टक असा आवाज. पोळी लाटून होईल इतक्यात संपलं. मी खुर्चीतून उठले आणि मला हसू की रडू ते कळेना. या दोन मिनिटांच्या कामासाठी मी बरण्या हाताने पाठ केल्या होत्या.

संध्याकाळी धुकं गेलं. पण सगळं गोड झालं असं लिहिणार नाही. त्या डोळ्यापुढे आता चिलटं फिरतात. डॉक्टर म्हणाले, ती राहतील, त्रास नाही. मात्र ती एकदम वाढली, डोळ्यात वीज चमकल्यासारखं झालं, किंवा कडेने काळी सावली सरकत आली, तर त्याच दिवशी यायचं. तो खरा पडदा असू शकतो. म्हणजे भीती गेली नाही, तिला फक्त नेमका पत्ता मिळाला. रोज सकाळी मी एकेक डोळा मिटून समोरची पाटी वाचते आणि मगच पार्लर उघडते.

त्या दिवशी परतताना अश्विनी कोपरगावला जायला स्टँडवर उतरली. स्कूटरवर आम्ही दोघंच राहिलो. घराच्या वळणाला हे म्हणाले, "मी रोज थेंब घालत होतो." एवढंच. मी यांच्या पाठीला डोकं टेकवलं.

मावशी

मावशींना मी हे सगळं हसतहसत सांगायला गेले. पडदा दोन असतात म्हणे, आणि मी येडी, वगैरे. त्या हसल्या नाहीत. हातातली लसणाची पाकळी तशीच धरून बसल्या. मग त्यांनी विचारलं, "मंग माजा कोन्ता हुता गं, संगे?"

मला वाटलं जीभ आवरायला हवी होती. त्यांच्या चेहऱ्यावर काय आलं होतं ते आता मला स्पष्ट दिसत होतं. इतक्या वर्षांनी त्यांना वाटलं होतं, की आपलाही अभ्राच असेल, कुणीतरी तेव्हा विचारायचं राहिलं असेल.

मी म्हणाले, "तुमचा तळाचा होता, मावशी. पुण्याला नेलं म्हणजे तोच."

"म्हंजे ह्यो येनार न्हाई."

"नाही."

त्यांनी मान हलवली. मग उजव्या डोळ्यावर बोट ठेवलं. "आन ह्यो?"

"हा मोतीबिंदू आहे. हा निघतो. तळाचा पडदा चांगला आहे का, ते आधी बघतात."

बराच वेळ त्यांनी लसूण सोलला. माझ्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन डॉक्टरांनी कधीच सांगितलं होतं, आणि मी ते आज-उद्या करत ढकलत होते, हे मावशींना माहीत होतं. गल्लीत काय लपतं. त्या म्हणाल्या, "आदी तुजा डावा कर. दिसाया लागलं तर मला सांग. न्हाई दिसलं तरी सांग. पर खरं सांग, दादल्याला सांगितलं तसं नगं."

सोमवारी माझं ऑपरेशन आहे. मला भीती वाटते आहे, आणि या वेळी ते घरात सगळ्यांना माहीत आहे. मावशी रोज सकाळी दारातून विचारतात, सोमवारच ना? मी हो म्हणते.